स्विंडन वर्क्सचं ऑफिस: इंजिनाआधी जिथे कागद तयार व्हायचे

रुळावरचा_पक्या

स्विंडनचं नाव काढलं की इंग्लंडातले लोक दोनच गोष्टी सांगतात, एक ते पाच छोटी राउंडअबाउट मिळून एक मोठं केलेलं मॅजिक राउंडअबाउट आणि दुसरं म्हणजे तिथे बघण्यासारखं काय आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी हा धागा. मी मूळचा कल्याणचा, कामानिमित्त इथे येऊन राहिलो आणि इथल्या एका इमारतीने मला नादाला लावलंय.

लंडनहून ब्रिस्टलकडे जाताना स्विंडन स्टेशन सोडलं की उजव्या हाताला रुळांना लागूनच एक लांबच लांब तीन मजली दगडी इमारत दिसते. शिखर नाही, घड्याळाचा मनोरा नाही, खांबांची मिरवणूक नाही. नुसत्या खिडक्यांच्या रांगा. बरेच लोक त्याला शाळा किंवा जुनं हॉस्पिटल समजून पुढे जातात. ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या लोकोमोटिव्ह वर्क्सचं जनरल ऑफिस. मूळ बांधकाम १८४२ च्या सुमाराचं, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावायला अजून अकरा वर्षं होती.

आता हे ऑफिस इथेच का, तर त्यासाठी डॅनिअल गूच नावाच्या पोराकडे जावं लागतं. पोरगाच म्हणायचा, कारण ग्रेट वेस्टर्नचा मुख्य इंजिनिअर ब्रुनेल याने त्याला १८३७ मध्ये लोकोमोटिव्ह सुपरिटेंडेंट म्हणजे इंजिनविभागाचा प्रमुख नेमलं तेव्हा त्याला एकविसावं वर्षही पूर्ण नव्हतं. सप्टेंबर १८४० मध्ये त्याने ब्रुनेलला पत्र लिहिलं की मुख्य कारखाना स्विंडनलाच टाकू या. कारणं एकदम सरळ आहेत. ग्लुस्टर आणि चेल्टनहॅमकडे जाणारा फाटा इथूनच फुटणार होता. लंडनपासून इथपर्यंत लाइन जवळपास सपाट आणि पुढे वूटन बॅसेटचा आणि बॉक्स बोगद्याचा उतार, दोन्ही १०० ला १ (१०० फुटांत १ फूट), म्हणजे इथे इंजिन बदलणं सोयीचं. शेजारून विल्ट्स अँड बर्क्स कालवा जातो, त्यामुळे कोळसा आणायची सोय. गावात एक दंतकथा सांगतात की ब्रुनेल आणि गूच गवतात बसून सँडविच खात होते आणि ब्रुनेलने सँडविच फेकून जिथे पडलं तिथे कारखाना ठरवला. ऐकायला मजा येते पण पत्र वाचलं की कळतं की सँडविचचा काही संबंध नाही, कोळसा आणि चढ-उतार यांचा हिशोब आहे.

फेब्रुवारी १८४१ मध्ये संचालकांनी मंजुरी दिली, २ जानेवारी १८४३ ला वर्क्स रीतसर सुरू झालं. सुरुवातीला कामगार साधारण ४००. पहिली तीन वर्षं इथे नुसती दुरुस्तीच चालायची आणि तरीही ऑफिस पहिल्या दिवसापासून होतं. मला सगळ्यात रस आहे तो यातच. इंजिन बनायच्या आधी कागद बनत होते.

उदाहरण सांगतो. गूचचा फायर फ्लाय वर्ग. ६२ इंजिनं, १८४० ते १८४२, बनवली सात वेगवेगळ्या कारखानदारांनी, कारण स्वतःचं वर्क्सच नव्हतं. त्याआधी ब्रुनेलने ज्या कंपन्यांकडून इंजिनं मागवली होती त्यांना ढोबळ अटी दिल्या आणि बाकी तुमचं तुम्ही बघा म्हणून सोडलं, परिणाम असा की एकेक नमुना भारी निघाला, भारी म्हणजे वाईट अर्थाने, स्टीफन्सनचं 'नॉर्थ स्टार' तेवढं धड चालायचं. गूचने शहाणपण केलं, त्याने तपशीलवार ड्रॉइंग काढून लिथोग्राफने छापून घेतली आणि सोबत लोखंडी टेम्प्लेट पाठवली. सातही कारखान्यांतून आलेले भाग एकमेकांच्या इंजिनाला बसले पाहिजेत ही अट. १८४० साली! ते ऑफिस म्हणजे या विचाराची दगडातली आवृत्ती आहे असं मला वाटतं.

इमारतीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता बॅटरी संपतेय.

नीलाक्षी

वाचतेय. गूच एकवीसचा पण नाही आणि सुपरिटेंडेंट, आणि आमच्या ऑफिसात तीस वर्षांच्या माणसाला 'अजून लहान आहे' म्हणतात :))

मुग्धा_आर्किटेक्ट

पक्या, विषय छान काढलास. फोटो टाक ना. मला विशेषतः वरचा मजला आणि खालचे दोन यांच्या जोडाचा फोटो हवाय, तो मजला नंतरचा आहे ना? खिडक्यांची मापं वेगळी आहेत का?

तिरकस_तात्या

ऑफिसचं काय एवढं कौतुक? खरा कारखाना म्हणजे फाउंड्री, बॉयलर शॉप, घणाचे आवाज. ऑफिसात बसून बाबू लोक मस्टरवर लाल शाई मारायचे. व्हिक्टोरियन असो नाहीतर आपली महानगरपालिका, बाबू तो बाबू.

रुळावरचा_पक्या

@तात्या थांबा जरा, तुमच्याकडे येतो.

@मुग्धा बरोबर ओळखलंस. मूळ इमारत दोन मजली. साधी जॉर्जियन वळणाची, दगडी, ठरावीक अंतरावर सॅश खिडक्या. समोर रुळांच्या पलीकडे कामगारांसाठी जे रेल्वे व्हिलेज बांधलं, त्याच कुळातली. व्हिलेजमधली ३०० घरं आणि स्टेशन लंडनच्या रिग्बी नावाच्या कंत्राटदाराने बांधली, दगड इथल्या खाणीतला आणि कोपऱ्यांना, चौकटींना बाथ स्टोन. ब्रुनेलने ब्रिस्टलला टेम्पल मीड्सचं स्टेशन केलं तिथे ट्यूडर राजवाड्याचा थाट आहे, कारण ते शहरातल्या लोकांना दाखवायचं होतं. इथे बघणारं कोण, आजूबाजूला गायी. टेकडीवरच्या जुन्या गावात आणि आसपास मिळून अडीच हजाराच्या आतबाहेर वस्ती. त्यामुळे सगळा साधेपणा. मला तो आवडतो.

मग १८६४ मध्ये गूच इंजिनं सोडून गेला आणि पुढच्याच वर्षी कंपनीचा चेअरमन म्हणून परत आला, त्याच्या जागी जोसेफ आर्मस्ट्राँग आला वुल्व्हरहॅम्प्टनहून. त्याच्या काळात डबे बांधायचं कामही स्विंडनला आलं, कागद वाढले, माणसं वाढली, १८६९ च्या सुमाराला ऑफिस वाढवलं. आणि तिसरा मजला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तेव्हाचा इंजिनविभागाचा प्रमुख चर्चवर्ड याच्या कारकिर्दीत. त्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस.

ड्रॉइंग ऑफिस सगळ्यात वर का, हे तू मला सांगण्यापेक्षा तूच सगळ्यांना सांग.

मुग्धा_आर्किटेक्ट

उजेडासाठी. विजेचे दिवे यायच्या आधी आणि आल्यावरही बरीच वर्षं ड्राफ्ट्समनला दिवसभर सावली न पडणारा उजेड लागायचा, शक्यतो उत्तरेचा, किंवा छतातून. खालच्या मजल्यावर समोरच्या शेडची सावली, धूर, काजळी. म्हणून त्या काळातल्या बऱ्याच कारखान्यांत ड्रॉइंग हॉल वर असतो आणि खिडक्या मोठ्या असतात किंवा छताला काच असते. खाली अकाउंट्स आणि स्टोअर्सचे कारकून, त्यांना लेजर वाचण्यापुरता उजेड पुरे :) म्हणजे मजला नुसता बघून तिथे काय चालायचं ते सांगता येतं, पाटी वाचायची गरज नाही.

आणखी एक. दगडी भिंतीवर मजला चढवायचा तर खालच्या भिंती आणि पाया तेवढ्या जाड असायला हव्यात. १८४२ ला बांधणाऱ्यांनी भरपूर मार्जिन ठेवलं असणार. आपल्याकडे आज पाच मजल्यांचं परमिशन घेऊन सातवा चढवतात तो प्रकार वेगळा.

आबा_परळकर

पक्या बाळा, वाचून बरं वाटलं. मी परळच्या लोको वर्कशॉपला होतो, आता रिटायर्ड. तात्यांना एक सांगू का, ड्रॉइंग ऑफिसला बाबू म्हणू नका. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर कितीही मोठा फिटर असला तरी ड्रॉइंग आल्याशिवाय छिन्नी उचलायचा नाही, आणि ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरची गडबड असली की तोच फिटर वर जाऊन साहेबाच्या टेबलावर तो पार्ट आपटायचा. दोन्हीकडून नातं होतं.

आणि ट्रेसिंग क्लॉथ आठवलं. ते कांजी केलेलं तलम सुती कापड असायचं, त्यावर शाईने ट्रेस करायचं. बाद झालेलं ट्रेसिंग गरम पाण्यात धुतलं की कांजी निघून मऊसूत कापड हाती यायचं, त्याचे रुमाल घराघरात होते. साहेबलोकांनापण माहीत होतं, कोणी बोलायचं नाही.

नीलाक्षी

आबा, रुमालाचा किस्सा भन्नाट!! ब्लूप्रिंट पण याच काळातल्या का?

रुळावरचा_पक्या

@नीलाक्षी सायनोटाइप म्हणजे ब्लूप्रिंटची रासायनिक प्रक्रिया जॉन हर्शेलने शोधली १८४२ मध्ये, म्हणजे ऑफिस उभं राहत होतं तेव्हाच, योगायोग. पण कारखान्यांत तिचा वापर व्हायला पुढे तीस-एक वर्षं गेली. तोवर हाताने नकला, नाहीतर गूचने केलं तसं लिथोग्राफ.

@आबा तुमच्याकडून अजून ऐकायचंय, बिल्ल्याबद्दल लिहा ना. इथे पितळी बिल्ले होते, कामगाराचा नंबर कोरलेला.

@तात्या तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. वर्क्समध्ये कामगार शिरायचा तो रुळांच्या खालच्या बोगद्यातून. व्हिलेजच्या बाजूने उतरायचं, मेन लाइनच्या पोटातून जायचं आणि ऑफिसच्या इमारतीपाशी वर निघायचं. रोज सकाळी हजारो माणसं साहेबाच्या खिडक्यांखालून जायची. हे मुद्दाम असं केलं असेल की जागाच तेवढी होती, मला दोन्ही पटतं. १९२०-३० च्या दशकांत कामगार १४,००० च्या घरात होते, म्हणजे गावातल्या जवळपास प्रत्येक घरातला एक तरी माणूस त्या बोगद्यातून गेलेला.

तिरकस_तात्या

तेच म्हणतोय, खिडकीतला साहेब आणि बोगद्यातला कामगार. दगडाचं साधेपण बिधेपण ठीक आहे.

म्हापशेंची_सुझान

नमस्कार, मी पण स्विंडनलाच असते. बऱ्याच लोकांना माहीत नसेल पण स्विंडनात गोंयकार एवढे आहेत की बाजारात गेलं की कानावर कोंकणी पडतेच, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली कुटुंबं सगळी. दुकानात चोरीस, पोय, सुकी सुंगटां सगळं मिळतं. वर्क्स बंद झालं त्यानंतर खूप वर्षांनी आम्ही आलो, त्यामुळे आमच्यातलं कोणी तिथे कामाला नव्हतं, पण मुलांना शाळेतून स्टीम म्युझियमला नेतात, तेच कारखान्यातल्या जुन्या शेडमध्ये आहे. माझा मुलगा केअरफिली कॅसल नावाच्या इंजिनाच्या चाकाशेजारी उभा राहिला तर चाकच उंच.

त्या ऑफिसच्या भिंतीवर दगडात कोरलेलं इंजिन आहे ना? तेवढं माझ्या लक्षात राहिलंय.

रुळावरचा_पक्या

@सुझान हो हो, तेच लिहायचं होतं! दोन पॅनल आहेत, दगडात उठावात कोरलेली ब्रॉडगेज इंजिनं, फायर फ्लायच्या घराण्यातली. ती मूळची या इमारतीची नाहीत. १८४० च्या दशकातल्या जुन्या इंजिन शेडवर होती, शेड पाडली तेव्हा काढून इथे बसवली. ती शेड केवढी होती तर लांबी ४९० फूट, रुंदी ७२ फूट, ४८ इंजिनं चार रांगांत उभी राहायची. जे. सी. बॉर्नने १८४६ मध्ये याच शेडचं लिथोग्राफ केलंय ते नेटवर सहज सापडेल, लाकडी छताखाली ओळीने उभी इंजिनं आणि मधोमध त्यांना आडवं सरकवणारा ट्रॅव्हर्सर.

त्या कोरीव इंजिनांना नीट बघा, ती शोभेची नाहीत. खांब, पाइप, चाकाचे आरे, सगळं मापात. कोरणाऱ्याने नुसतं आठवणीतून काढलं नसणार, समोर ड्रॉइंग असणार असं मला वाटतं.

गिरणगावातला

पक्या, भोंग्याबद्दल लिही रे. लालबागला आजोबा गिरणीच्या भोंग्यावर उठायचे. स्विंडनला पण होता म्हणतात.

रुळावरचा_पक्या

होता, आणि त्यावरून भांडण झालं. १८७२ मध्ये इकडे कायदा आला, कारखान्यांच्या वाफेच्या भोंग्यांसाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागेल असा. १८७३ मध्ये लिडियार्डच्या वाड्यात राहणाऱ्या लॉर्ड बोलिंगब्रोकने तक्रार केली की पहाटेच्या भोंग्याने झोपमोड होते. परवानगी रद्द झाली. कंपनीने काय केलं, दुसरा भोंगा बसवला, रद्द झाली ती पहिल्याची परवानगी! तो भोंगा शेवटी वाजला मार्च १९८६ मध्ये वर्क्स बंद पडलं तेव्हा.

तिरकस_तात्या

हा हा, ही आयडिया ज्याला सुचली तो ऑफिसातलाच असणार. मानलं.

नीलाक्षी

मला एक विचारायचंय, या सगळ्यात बायका कुठे होत्या? ड्रॉइंग ऑफिसात एखादी तरी?

रुळावरचा_पक्या

@नीलाक्षी वर्क्समध्ये बायका आल्या १८७४ मध्ये, पण ट्रिमिंग शॉपमध्ये, म्हणजे डब्यांच्या गाद्या, पडदे, शिवणकाम. कारण गंमतीदार आहे. गावात रेल्वे सोडून दुसरा धंदाच नाही, त्यामुळे कामगारांच्या मुलींना काम नव्हतं आणि मुलींना काम नाही म्हणून कुटुंबं यायला नाखूश. मग कंपनीने त्यांच्यासाठी काम काढलं, पण दरवाजा वेगळा, पुरुषांशी गाठ पडू नये म्हणून. ऑफिसात बायका मोठ्या संख्येने आल्या त्या पहिल्या महायुद्धात, पुरुष आघाडीवर गेल्यावर.

मुग्धा_आर्किटेक्ट

वेगळा दरवाजा ठेवला की प्लॅन पण बदलतो, जिने वेगळे, स्वच्छतागृहं वेगळी. जुन्या इमारतींचे प्लॅन वाचताना हे असे तुकडे सापडतात आणि मग कारण कळतं.

पक्या, स्टेशनबद्दल पण लिही, रिग्बीने फुकट बांधलं ना?

रुळावरचा_पक्या

फुकट म्हणजे कसं, कंपनीकडे पैसे नव्हते. रिग्बीने स्टेशन आणि घरं स्वतःच्या खर्चाने बांधली, बदल्यात स्टेशनवरच्या रिफ्रेशमेंट रूमचं भाडेपट्ट्याचं कंत्राट ९९ वर्षांचं आणि अट अशी की प्रत्येक गाडी इथे दहा मिनिटं थांबलीच पाहिजे, लोकांनी उतरून खावं म्हणून. रिग्बीने ते लगेच दुसऱ्याला देऊन टाकलं आणि खाणं इतकं भिकार व्हायला लागलं की विचारू नका. ब्रुनेलने त्या चालकाला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्याचा मथितार्थ असा की तुमच्या कॉफीला मी वाईट म्हटलेलं नाही, तुमच्याकडे कॉफी नावाची वस्तू आहे यावरच माझा विश्वास नाही, मी ती कधी चाखलेली नाही. ९९ वर्षांचं हे लोढणं कंपनीने १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजून सोडवलं. ज्या कंपनीच्या ऑफिसात एकेका बोल्टचा हिशोब होता त्याच कंपनीने हे करारनामे सही केले, बघा.

आबा_परळकर

गाडी थांबते तिथे खाणं वाईट हा जागतिक नियम असावा. कर्जतचा वडा अपवाद.

बिल्ल्याचं विचारलंस. आमच्याकडे सकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीत टोकन मिळायचं, ते शॉपच्या बोर्डावर लावायचं. पगाराच्या दिवशी नंबर पुकारायचे, नाव नाही. मी कितीतरी माणसांना नंबरानेच ओळखायचो. तुझ्या स्विंडनला नेमकी पद्धत काय होती ती तू बघून सांग.

गिरणगावातला

आबा, मी माटुंग्याच्या वर्कशॉपचा एक बिल्ला चोरबाजारात बघितला होता, घेतला असता तर बरं झालं असतं.

मला एक कळत नाही, स्विंडन ब्रॉडगेज म्हणता, पण आपलं पण ब्रॉडगेज. एकच का?

रुळावरचा_पक्या

नाही. ब्रुनेलचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सात फूट पाव इंच, आपला साडेपाच फूट. पण नातं आहे, आणि ते इथल्या गेजच्या भांडणाशीच आहे. इंग्लंडात बाकी सगळे चार फूट साडेआठ इंचवाले आणि ग्रेट वेस्टर्न एकटी रुंद, जिथे दोन भेटायचे तिथे सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा. १८४५ ला गेज कमिशन बसलं, चाचण्यांत गूचच्या इंजिनांनी धमाल केली, पण १८४६ च्या कायद्याने अरुंदवाले जिंकले, कारण त्यांचे मैल जास्त होते. हा सगळा तमाशा बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्यात बसून जवळून बघत होता तो लॉर्ड डलहौसी. तो पुढे भारतात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याने आधीच निक्षून सांगितलं की देशात एकच गेज ठेवा, तिकडची चूक नको. त्याला स्वतःला सहा फूट हवा होता, तडजोड साडेपाचावर झाली. नंतर मीटरगेज, नॅरोगेज आलेच, त्यामुळे एकच ठेवा हे कागदावरच राहिलं. पण तुमची आमची लोकल ज्या रुंदीवर धावते त्यात स्विंडनवाल्यांच्या हट्टाचा वाटा आहे.

स्विंडनचा रुंद गेज शेवटी मे १८९२ मध्ये बंद झाला. एका वीकएंडला उरलेली सगळी लाइन अरुंद केली आणि ब्रॉडगेजची इंजिनं डबे झाडून सगळे स्विंडनच्या मोकळ्या साइडिंगमध्ये आणून लावले, मैलोनमैल रांगा, काही बदलून घेतली आणि बाकी भंगारात.

अजून एक मुंबई कनेक्शन, अवांतर आहे पण राहवत नाही. गूच इंजिनं सोडून मधल्या काळात काय करत होता तर ब्रुनेलचं ग्रेट ईस्टर्न जहाज त्याने सहकाऱ्यांबरोबर २५,००० पौंडात घेतलं आणि त्यावरून अटलांटिक खाली तारेची केबल टाकली, १८६६ मध्ये जमलं, त्यासाठी बॅरोनेट झाला. तेच जहाज १८७० मध्ये मुंबईला आलं आणि मुंबई ते एडन केबल टाकून गेलं. तेव्हाच्या मुंबईकरांनी एवढं जहाज कधी पाहिलं नव्हतं.

तिरकस_तात्या

हे बरंय, गेज, केबल, कॉफी सगळं झालं. मूळ मुद्दा असा की कारखाना गेला आणि ऑफिस राहिलं. काम करणाऱ्यांची जागा पुसली, हुकूम सोडणाऱ्यांची जपली. यात आनंद मानायचा का?

मुग्धा_आर्किटेक्ट

तात्या, हे पूर्ण खरं नाही. स्विंडनला शॉपही उभे आहेत. एका मोठ्या भागात १९९७ पासून ब्रँडेड कपड्यांचं आउटलेट आहे, मशीन शॉपच्या एका इमारतीत २००० पासून म्युझियम आहे. शेडला मोठे गाळे असतात, मध्ये भिंती नाहीत, छतातून उजेड, त्यामुळे दुकान किंवा म्युझियम सहज बसतं. ऑफिसात छोट्या खोल्या आणि खूप खिडक्या, त्यात ऑफिसच बसतं. जे मोडतं ते मधलं, फाउंड्रीचे खड्डे, भट्ट्या, घण, ज्यांना दुसरं कामच देता येत नाही. म्हणून पुढच्या पिढीला कारखाना म्हणजे स्वच्छ विटांची उंच खोली असं वाटतं. तुमच्या तक्रारीचं खरं कारण हे आहे असं मला वाटतं.

रुळावरचा_पक्या

मुग्धाने बरोबर सांगितलं. ऑफिसचं पुढे काय झालं ते सांगतो म्हणजे तात्यांना अजून राग येईल.

१९८५ साली ग्रेट वेस्टर्नच्या दीडशे वर्षांचे सोहळे ठरले होते आणि त्याच वर्षी वर्क्स बंद करायची घोषणा झाली. गावाने सोहळ्याला पाठ फिरवली. मार्च १९८६ मध्ये टाळं. ऑफिस रिकामं. मग १९९४ मध्ये त्यात कोण आलं, तर देशातल्या ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदी ठेवणारा रॉयल कमिशनचा विभाग, नॅशनल मॉन्युमेंट्स रेकॉर्ड. शेजारी तापमान आणि दमटपणा सांभाळणारं नवं स्टोअर बांधलं, जुन्या इमारतीत वाचनकक्ष आणि कर्मचारी. १९९९ मध्ये ते इंग्लिश हेरिटेजमध्ये विलीन झालं आणि २०१५ पासून हिस्टॉरिक इंग्लंड. आज तिथे १.२ कोटींच्या आसपास फोटो, ड्रॉइंग, कागदपत्रं आहेत, युद्धकाळात विमानातून काढलेले इंग्लंडचे फोटोसुद्धा. इमारतीचं आताचं नाव इंजिन हाउस आणि रस्त्याचं नाव फायर फ्लाय अव्हेन्यू. पलीकडे नॅशनल ट्रस्टनेही २००५ मध्ये मुख्यालय बांधलं, करवतीच्या दात्यांसारखी छपरं वर्क्सच्या शेडची आठवण करून देणारी. म्हणजे देशाचा वारसा सांभाळणाऱ्या दोन मोठ्या संस्था एका मेलेल्या कारखान्याच्या आवारात.

आता गंमत. या जागेला वारसा सांभाळण्याची काही जुनी सवय नव्हती. 'नॉर्थ स्टार' आणि 'लॉर्ड ऑफ द आइल्स' ही दोन ब्रॉडगेज इंजिनं जपून ठेवली होती स्विंडनला, वर्षानुवर्षं. १९०६ मध्ये चर्चवर्डने जागा अडते म्हणून दोन्ही भंगारात काढली. ड्रॉइंग ऑफिससाठी मजला चढवायला जागा होती, ज्या इंजिनाने कंपनी उभी राहिली त्याला नव्हती. पुढे १९२५ मध्ये रेल्वेच्या शताब्दीला 'नॉर्थ स्टार' नसल्याची लाज वाटली तेव्हा प्रतिकृती बनवली, त्यात लोकांनी जपून ठेवलेले काही मूळ भाग घातले. ती म्युझियममध्ये आहे.

मी चर्चवर्डला शिव्या घालणार नाही. त्याने जी इंजिनं आखली त्यावर पुढची चाळीस वर्षं इंग्लंडची रेल्वे चालली, दुसऱ्या कंपन्यांनी पण उचलली. त्याला संग्रहालयाचा माणूस व्हायचं नव्हतं. निवृत्तीनंतर तो वर्क्सशेजारच्याच घरात राहायचा, १९३३ च्या डिसेंबरात धुक्यात रूळ ओलांडताना गाडीखाली गेला, आणि गाडी ओढणारं इंजिन स्विंडनचंच होतं, 'बर्कली कॅसल'.

नीलाक्षी

बापरे.

आबा_परळकर

अशी माणसं रूळ सोडत नाहीत. आमच्याकडेही होते, नाव घेत नाही.

पक्या, तुझं म्हणणं मला असं समजलं की ऑफिसात ज्याला फाइल मिळाली ते टिकलं आणि ज्याला नाही ते भंगारात गेलं. पूर्ण पटत नाही. स्विंडनचे कागद तरी सगळे टिकले का?

रुळावरचा_पक्या

सगळे नाहीत आबा. बरीच ड्रॉइंग्ज यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये गेली. आज या इमारतीत देशभरच्या चर्चचे, किल्ल्यांचे, गिरण्यांचे कागद आहेत आणि तिच्या स्वतःच्या ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य कागद दोनशे मैलांवर.

पण टिकलेल्या कागदांचा उपयोग होतो. डिडकॉटला फायर फ्लायची प्रतिकृती आहे, २००५ ची, ब्रॉडगेजचा छोटा तुकडा टाकून त्यावर चालवायचे. ६२ पैकी एकही मूळ इंजिन उरलेलं नाही.

तिरकस_तात्या

बरं, एवढं ऐकल्यावर एकच सांगतो. पॅनलवर इंजिन कोरलं, इंजिनिअरांची नावं पुस्तकात आली, १४,००० माणसांपैकी कोणाचं नाव आहे का तिथे?

म्हापशेंची_सुझान

तात्या, रेल्वे व्हिलेजमध्ये जाऊन बघा, कामगारांच्या मेडिकल फंडाची इमारत आहे. १८४७ पासून पगारातून थोडे पैसे कापून डॉक्टर, औषध, पुढे हॉस्पिटल, पोहण्याचा तलाव, सगळं चालवलं. इथले लोक अभिमानाने सांगतात की देशाची एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा काढताना हाच नमुना डोळ्यासमोर होता. तिथे नावं नाहीत पण माझ्या मुलाचा जन्म एनएचएसमध्ये झाला, म्हणून मला ते कोरलेल्या इंजिनापेक्षा मोठं वाटतं.

मुग्धा_आर्किटेक्ट

सुझान, छान लिहिलंत. आणि ते पैसे कापून हिशोब ठेवणारे कारकून कुठे बसायचे हे तात्यांनी ओळखावं :)

पक्या, जोडाचा फोटो अजून टाकला नाहीस. मजल्याचा दगड खालच्याच खाणीतला आहे का ते मला बघायचंय, रंग थोडा वेगळा वाटतो स्ट्रीट व्ह्यूवर.

रुळावरचा_पक्या

@मुग्धा शनिवारी ऊन असेल तर काढतो. तिथे पश्चिमेचं ऊन पडलं की दगडातला फरक दिसतो, ढगात सगळं एकाच रंगाचं.

गिरणगावातला

आबा, आता तुम्ही परळवर धागा काढाच. स्विंडनला ४३ साली वर्क्स, आपल्याकडे कधी?

आबा_परळकर

जमालपूर १८६२, ते देशातलं जुनं मोठं. जीआयपीचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) काम आधी भायखळ्याला चालायचं, परळला १८७९ पासून. आणि भारतात बांधलेलं पहिलं इंजिन म्हणतात ते अजमेरचं, १८९५, एफ ७३४, ते दिल्लीच्या म्युझियममध्ये उभं आहे. बघा, मधली सगळी वर्षं इंजिनं विलायतेहून यायची आणि आम्ही जोडायचो आणि दुरुस्त करायचो, जशी स्विंडनची पहिली तीन वर्षं. फक्त आमची तीन नव्हती.

धागा काढतो. टायपिंग नातीकडून करून घ्यावं लागेल, तिची परीक्षा संपू दे.